दगड चढणाऱ्या गाडीचा मूळ बिघाड

जी वस्तू नीट चालते, तिच्यापासून माणसाला शिकण्यासारखं काही नसतं. मानवजातीची प्रगती बिघडलेल्या वस्तूंमुळे झाली आहे, आणि ज्या वस्तू आपणहून बिघडायला तयार नव्हत्या त्या माणसाने उघडून पाहिल्या आहेत. आमचे मेहुणे, म्हणजे ताईचे यजमान, या प्रगतीच्या अगदी आघाडीवर असतात.

मेहुण्यांकडे एक गाडी आहे. हातभर लांब, रिमोटवर चालणारी, दगड चढणारी. (दगड कशाला चढायचा, असं विचारणाऱ्याला ती दाखवली जात नाही.) बाकीच्या खेळण्यातल्या गाड्या पळतात, ही पळत नाही. ही एकेक चाक चाचपत, गोगलगाईला लाजवेल अशा वेगाने वर जाते, आणि डोक्यावर घराचे हप्ते असलेली पोक्त माणसं श्वास रोखून तिच्याकडे बघत उभी राहतात. अशा माणसांचं रीतसर मंडळ आहे. मंडळाची वार्षिक चढाई गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खाणीत भरते, आणि तिथे गाडी वर न्यायची हे मेहुण्यांचं सध्याचं जीवनध्येय आहे.

घरात माणसं तीन. ताई, मेहुणे आणि मेहुण्यांच्या आई. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई मागच्या खोलीत पलंगावर असतात. ताई दिवसभर कचेरीत, तेव्हा आईंकडे बघायला कोणीतरी हवं म्हणून मेहुण्यांनी घरून काम करायची परवानगी मिळवली. आईंचा आवाज खोल गेलेला आणि हाका मारायचा स्वभाव मुळातच नाही. म्हणून त्यांच्या उशाशी बिनतारी बेलचं बटण ठेवलं. बटण दाबलं की त्यावर बारीक लाल दिवा लागतो आणि बाहेरच्या खोलीत भिंतीवरची डबी वाजते. व्यवस्था इतकी चोख होती की ताई कित्येक दिवसांनी निर्धास्तपणे कामावर गेली.

त्याच सुमारास गाडी आली. रिमोटला चार सेल लागत होते आणि घरात नवे दोनच होते. उरलेले दोन मेहुण्यांनी घरातूनच कुठून तरी तात्पुरते काढून घातले. (तात्पुरतं या शब्दाचा अर्थ प्रत्येक घराला ठाऊक असतो.) गाडी सोफ्याच्या उशीवर अर्धी चढली, थबकली, तिची पुढची चाकं हिवताप भरल्यासारखी थरथरली आणि ती मुकाट्याने खाली घरंगळली. रिमोटही मध्ये मध्ये कुंईकुंई करत होता. त्या आवाजाने चित्त विचलित होतं, म्हणून मेहुण्यांनी पहिल्याप्रथम रिमोटची ती सूचनाच कायमची बंद केली. बिघाड शोधायचा तर शांतता हवी.

मग मंडळाचा सल्ला घेण्यात आला. मंडळात विजेच्या बाबतीत व्होल्टकाकांचा शब्द शेवटचा. काका व्यवसायाने दंतवैद्य आहेत, त्यामुळे एक दुखत असेल तर शेजारचे दोन काढून बघायची त्यांना सवय आहे. बिघाड शोधण्याची त्यांची पद्धत थोडक्यात अशी: स्वस्त भागावर कधी संशय घेऊ नये, तो गरीब असतो, जो भाग बदलायची आपली फार दिवसांची इच्छा आहे, दोष बहुधा त्यातच असतो, आणि बदलून फरक पडला नाही, तर तो भाग कमी पडला असं समजून त्याहून मोठा आणावा. मंडळाच्या पाहणीनुसार दर शंभर गाड्यांपैकी नव्वद गाड्या दुरुस्तीनंतर बिघडतात. (उरलेल्या दहा अजून खोक्यात आहेत.)

काकांनी थरथर ऐकून निदान केलं की चाकं वळवणारी मोटर, म्हणजे सर्वो, अशक्त आहे. सशक्त सर्वो आला. सशक्ताला खायला जास्त लागतं, हे घरात कोणालाही कळतं, म्हणून त्याला वेगळी वीज पुरवणारी पेटी आली. ती पेटी जुन्या वेगनियंत्रकाशी बोलेना, म्हणून नवा वेगनियंत्रक आला. नव्या नियंत्रकाच्या हाताखाली जुनी मोटर शोभेना. नव्या मोटरला जुनी बॅटरी पुरेना, नव्या बॅटरीची पिन जुन्या चार्जरला बसेना, आणि हे सगळं पोटात घेतल्यावर गाडी इतकी जड झाली की तिच्या स्प्रिंगा बसल्या. त्याही बदलल्या. जेवणाचं टेबल आता कार्यशाळा होतं आणि ताई ताट मांडीवर घेऊन जेवत होती. सोल्डरच्या धुराने तिला ठसका लागायचा, तेव्हा मेहुणे आपुलकीने खिडकी उघडायचे.

एवढं होऊनही उशीच्या मध्यावर गाडी थबकायची ती थबकायचीच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं म्हणणारे अडाणी लोक असतात. मेहुणे त्यातले नव्हते. गाडीत बदलायला काही शिल्लक राहिलं नाही तेव्हा त्यांनी रिमोट बदलला. नवा रिमोट देखणा होता, फक्त सेल वेगळे घ्यावे लागणार होते. त्यांनी जुन्यातले चारही सेल काढून नव्यात घातले, त्याचीही कुंईकुंई बंद केली, आणि गाडी पूर्वीच्याच जागी, पूर्वीसारखीच थरथरली. गाडी नखशिखांत नवी आणि बिघाड तेवढा अस्सल मूळचा, असा योग मंडळाच्या इतिहासात कधी आला नव्हता. मंडळाने टाळ्या वाजवल्या.

दरम्यान एक नवा दोष उद्भवला. दुपारच्या वेळी कुठून तरी टक्, टक्, टक् असा धातूवर धातू आपटल्याचा आवाज येई. मेहुण्यांनी गाडीला कान लावला आणि गिअरचा एखादा दात तुटला असावा असं ठरवलं. दातांचा विषय निघाल्याने काका स्वतः आले. नवे गिअर बसले, पोलादी. आवाज येतच राहिला. गाडी बंद असतानाही येत होता, म्हणजे दोष फार खोलवरचा आहे, असं काका म्हणाले.

त्या संध्याकाळी ताई मला बसथांब्यावर भेटली आणि आम्ही बरोबरच घरी आलो. मेहुणे गिअर उघडून बसले होते. मागच्या खोलीत आई पलंगाला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. हातात स्टीलचा पेला, दुसऱ्या हातात चमचा. पाणी हवं होतं म्हणून त्यांनी बटण दाबलं, पुष्कळदा दाबलं, मग पेला वाजवला, मग स्वतःच उठायला गेल्या. हाड शाबूत होतं हे नशीब. ताईने त्यांना उचलून बसवलं, पाणी पाजलं, आणि तिचे हात थरथरायला लागले. (सर्वोचा यात काही संबंध नव्हता.)

मेहुणे दारात येऊन उभे राहिले. "बेल ऐकू नाही आली तुम्हाला?" ताईने विचारलं.

उत्तर आईंनी दिलं. "त्याला नको बोलूस गं. दिवा लागत होता, म्हणजे कळलं असणार त्याला. कामात होता तो."

ताई बाहेर गेली आणि तिने भिंतीवरची डबी उघडली. डबी रिकामी होती. मेहुण्यांनी डबीकडे पाहिलं, मग हातातल्या रिमोटकडे, आणि त्यांचा चेहरा पडला. मला त्यांची दया आली, राग त्याहून जास्त आला. पण क्षणभरातच त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. दोष सापडला होता. त्यांनी आधी मंडळाला कळवलं, मग खाली जाऊन चार नवे सेल आणले, चारही रिमोटमध्ये घातले आणि डबीतले दोन डबीला परत केले. बेलला तेवढे पुरतात, असं त्यांचं तांत्रिक मत पडलं. गाडी उशी चढून सोफ्याच्या पाठीवर जाऊन उभी राहिली. बेल मात्र आजारी डासासारखी वाजली.

मेहुणे हात धुवायला गेले तेवढ्यात ताईने सेलांची अदलाबदल केली आणि ती स्वयंपाकघरात गेली.

वार्षिक चढाईला गाडी खाणीतल्या पहिल्याच दगडावर थरथरून थांबली. सेल तर नवे होते, तेव्हा सेलचा सिद्धांत अशास्त्रीय ठरला. काकांनी निदान केलं की सर्वो अशक्त आहे. नवा यायचा आहे.

बेल आता खणखणीत वाजते. ताई रोज सकाळी जाण्याआधी वाजवून बघते. बाकी दिवसभर ती वाजत नाही, कारण आई बटण दाबत नाहीत. तो कामात असेल, म्हणतात. पाण्याचा तांब्या त्यांनी हाताशी ठेवून घेतलाय आणि पाणी बेताने पितात, म्हणजे सारखं उठवावं लागत नाही कोणाला. त्यांची काहीच तक्रार नाही, असं मेहुणे अभिमानाने सांगतात.

तुमच्याही घरात हल्ली ज्या माणसाची काहीच तक्रार नसते, त्याच्या खोलीत जाऊन एकदा बटण दाबून बघा. आणि नाहीच काही वाजलं, तर कृपा करून गिअर उघडू नका.