रजेचा कट

एक खुर्ची, एक आरसा आणि दोन कात्र्या एवढाच दुकानाचा पसारा, तरी सगळी गल्ली त्यांना शेठ म्हणे. लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण शेठनी आपल्या सलूनला सलग दोन दिवस कधी कुलूप लावलं नव्हतं. यंदा बायकोने बोलणंच टाकलं, तेव्हा ते आठ दिवस बाहेरगावी जायला कबूल झाले. कबूल झाले आणि धसकले. रस्त्यापलीकडे नवा सलूनवाला दोन खुर्च्या टाकून बसलाच होता. गिऱ्हाईक एकदा तिकडे टेकलं की संपलं!

पण शेठ काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. कुणाचे केस वाढलेच नाहीत तर कोण कशाला समोर जाईल, असं ते बायकोला म्हणाले. निघण्याआधीचे दहा दिवस त्यांनी गल्लीतल्या यच्चयावत डोक्यांवर मशीन फिरवलं. नुसते कल्ले नीट करायला आलेला शिंपी पार भादरून परतला. फुकटचा पेपर वाचायला येणाऱ्या पेन्शनर आजोबांनी बातमी संपवून मान वर केली, तो आरशात कोणी दुसरेच आजोबा. कोणी कुरकुरलं की शेठ म्हणत, उकाडा आहे, बरं वाटेल.

बाहेरगावी पोचल्यावर बायकोने नव्या चपला घातल्या आणि शेठ फोन घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना. दुकानाशेजारच्या स्टेशनरीवाल्याला फोन लावून, इकडचं तिकडचं बोलून, त्यांनी हळूच विचारलं की समोर कसं काय चाललंय.

"समोर? समोर बसायला जागा नाही, शेठ," तो म्हणाला आणि गिऱ्हाईक आलं म्हणून त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याउठल्या शेठ म्हणाले, निघूया. बायकोने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि बॅगा भरल्या. जन्मात पहिल्यांदा नवरा सलग आठ दिवस तिच्या वाट्याला येणार होता, आणि त्यातले निम्मे गेले होते. प्रवासभर ती एक शब्द बोलली नाही. शेठना ते बरंच वाटलं, कारण त्यांना विचार करायचा होता.

दुकान उघडलं, पण दिवसभर चिटपाखरू फिरकलं नाही. दुसरा दिवस तसाच, तिसराही तसाच. समोरच्याने दारावर जुनी चादर टांगली होती आणि आतून माणसांचे आवाज येत होते. आपली सगळी माणसं त्या चादरीआड बसली आहेत, याबद्दल शेठना शंका उरली नाही. एकवीस वर्षं ज्यांच्या माना हातात धरल्या, त्यांनी चार दिवसांत तोंड फिरवावं! शेठना चक्क रडू आलं.

चौथ्या दिवशी शिंपी दारावरून जाताना दिसला. शेठनी त्याला बखोटीला धरून आत ओढलं, त्याची मान खाली दाबली आणि मानेवरची रेघ तपासली.

"खरं सांग, कोणी कापले?"

"तुम्हीच की! धाकटी पोर अजून माझ्याजवळ येत नाही."

"मग समोर गर्दी कसली?"

"रंगारी आहेत ते. गल्लीत कापायला केसच नाहीत, म्हणून त्याने दुकान रंगवायला काढलंय. खुर्च्या उचलून मागच्या बोळात ठेवल्यात, बसायला जागा नाही."

शेठ मटकन आपल्याच खुर्चीत बसले. मग एकाएकी त्यांचा चेहरा उजळला. अजून तीन आठवडे एकही डोकं येणार नव्हतं, म्हणजे रजा तशीच्या तशी शिल्लक होती! त्यांनी दुकान बंद केलं आणि भरदुपारी घर गाठलं. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. आपण परत जाऊ, शेठ म्हणाले, पुरते आठ दिवस राहू, खोलीसुद्धा तीच घेऊ.

"तीच का?" ती म्हणाली. "तिथल्या खिडकीतून काय दिसायचं हो?"

शेठनी डोळे मिटून आठवून पाहिलं. पलंग आठवला. फोन चार्जिंगला लावायची जागा स्पष्ट आठवली.

"डोंगर," ते ठामपणे म्हणाले.

"तळं होतं," बायको म्हणाली आणि तिने पुढचा सदरा घडीला घेतला. "मी जाईन. बहिणीला घेऊन जाईन. तुम्ही दुकान सांभाळा."

शेठनी दुकान सांभाळलं. तीन आठवडे कोणीही आलं नाही.