ड्युटीचं रक्त

परबकाकांच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला ते आधी पाठमोरं उभं करत. मग तो पोस्टमन असो, गॅसवाला असो, नाहीतर वर्गणी मागायला आलेला मंडळाचा सेक्रेटरी. "जरा वळा बघू," म्हणायचे आणि मानेपासून कमरेपर्यंत नजर फिरवून निकाल द्यायचे. पाठ सरळ असली तर "ड्युटीचं रक्त." खांद्यापासून घसरत गेलेली असली तर "शोचं रक्त. उतार आहे." उतारवाल्याला पाणी मिळे, चहा मिळत नसे.

हे ऐंशीच्या दशकातलं मुलुंड. सोसायटीत तळमजल्यावर आमची दोघांची घरं भिंतीला भिंत लावून. काका मूळचे मालवणकडचे, वीस वर्षं एका रंगाच्या कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर. तिथले पहाऱ्याचे कुत्रे त्यांच्या ताब्यात. त्या वीस वर्षांत त्यांना एक गोष्ट कळली होती आणि तेवढ्यावर त्यांचं जगाबद्दलचं सगळं भागत होतं. जर्मन शेफर्ड दोन प्रकारचे. एक कामाच्या वंशातले : पाठ पाटासारखी सपाट, डोळ्यांत संशय, फालतू लाड नाहीत. दुसरे प्रदर्शनांसाठी जोपासलेले : पाठीची घसरगुंडी, मागचे पाय दुमडलेले, केस विंचरलेले. "पहिला चोर पकडतो, दुसरा ढाल पकडतो," असं काका सांगत. ही फूटपट्टी ते सगळ्याला लावत. आमचा नवा टेबलफॅन शोचा निघाला. सोसायटीचं नक्षीदार गेट तर अर्थातच शोचं. माझ्या बहिणीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी दारातच वळायला लावलं. तो बिचारा वळलाही. पुढे त्याच्याकडून नकार आला तेव्हा माझी आई काकांशी महिनाभर बोलत नव्हती.

काकांची स्वतःची कुत्री होती. तिचं नाव हवालदार. बाई असून हवालदार कशी, असं विचारलं की काका म्हणत, "हुद्द्याला बाई-बाप्या नसतो." कारखान्यात मशीन बसवायला एक जर्मन इंजिनियर आला होता. त्याच्या कुत्र्यांना पिल्लं झाली, परत जाताना त्याने एक पिल्लू काकांना दिलं. सोबत वंशावळीचा कागद, अस्सल जर्मन भाषेतला. काकू गेल्या ते तेच वर्ष. मुलगी लग्न होऊन मस्कतला. घरात काका आणि हवालदार.

आता एक अडचण सांगायला हवी. हवालदारला उतार होता. साधासुधा नाही, शेंगदाणा ठेवला तर शेपटीपर्यंत गडगडत जाईल असा. हे सगळ्या सोसायटीला दिसत होतं, पण काकांसमोर विषय काढायची कुणाची टाप नव्हती. कुणी चुकून बोललंच तर काका म्हणत, "उडी मारायच्या पवित्र्यात आहे ती." एकदा दुपारी पंपाच्या खोलीतून तांब्याची तार चोरणाऱ्याला लोकांनी पकडलं, तेव्हा हवालदार त्याच्या शेजारी बसून त्याला पंजा देत होती. "चेहरा लक्षात ठेवतेय," काका म्हणाले. वंशावळीच्या कागदावर जागोजागी व्ही हे अक्षर होतं. तो व्ही म्हणजे व्हिजिलन्स, असं काकांनी जाहीर करून टाकलं होतं.

एका सकाळी जुहूचे एक शेठ कामानिमित्त मुलुंडला आले होते. पिठाच्या गिरणीसमोर त्यांनी गाडी थांबवली. कुत्र्यांतलं त्यांना एवढंच कळत होतं की बक्षिसाची ढाल मिळाली पाहिजे. काका आणि मी दळणाच्या रांगेत होतो. हवालदार गिरणीच्या पायरीपाशी उभी होती, एक पाय मागे, मान वर, अगदी फोटो काढून घ्यायला उभं राहावं तशी. शेठ खाली उतरले, म्हणाले, "काका, काय शोपीस आहे! मला द्या. ह्या वर्षी शोमध्ये पहिली येणार, लिहून देतो."

शोपीस! दळण घेऊन उभ्या असलेल्या दहा माणसांसमोर काकांचा पारा चढला. "शेठ, हिच्या अंगात शोच्या रक्ताचा एक थेंब निघाला ना, तर फुकट घेऊन जा. परबाचा शब्द आहे."

शेठ हुशार. "कागद आहे?"

"आहे! जर्मन! रविवारी या. हा सुधीर वाचून दाखवील." आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी आठ महिने संध्याकाळच्या जर्मनच्या क्लासला जात होतो. ऑफिस कधीतरी जर्मनीला पाठवील अशी आशा होती. काकांनी कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे दिला. "एकट्यानं वाच. रविवारपर्यंत मलासुद्धा काही सांगायचं नाही."

शब्दकोश घेऊन बसलो आणि तासाभरात मला घाम फुटला. बाप सौंदर्यस्पर्धेचा विजेता. आजोबा विजेता. पणजी दोनदा विजेती. व्ही म्हणजे अत्युत्तम, तेही दिसण्यात. कामाच्या परीक्षेचा मागमूस नव्हता. थेंब कसला, नळच होता.

तुम्ही म्हणाल, गमतीत बोललेला शब्द, कोण मनावर घेतं? तुम्ही परबकाकांना ओळखत नाही. कॅरमच्या फायनलवर एकदा त्यांनी मिशी पणाला लावली होती. हरले, तिथूनच न्हाव्याकडे गेले, आणि पुन्हा कधी वाढवली नाही. हवालदार जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. शनिवारी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा त्यांनी "रविवारी!" म्हणून दार लावलं. मला त्या माणसाचा राग आला आणि कीवही आली. एवढं तोंड सोडायची गरज काय होती?

रविवारी शेठ नवीकोरी साखळी आणि पट्टा घेऊनच आले. काका लोखंडी खुर्चीत ताठ बसले होते. त्यांनी शेठना वळायलासुद्धा सांगितलं नाही, यावरून काय ते समजा. हवालदार शेठना पंजा देत होती.

"वाच," काका म्हणाले.

मी कागद उघडला. खोटं बोलायचं असं काही ठरवून गेलो नव्हतो, खरंच सांगतो. पण ती साखळी बघितली आणि तोंडाला जे आलं ते वाचत सुटलो. "बाप : चोर पकडण्यात प्रथम. आजोबा : सहा फुटी कुंपण उडी मारून पार, दोन दरोडेखोर जखमी. आजी : अनोळखी माणूस दिसल्यास पोटरी सोडत नाही. पणजोबा : रेल्वेच्या पुलावर अकरा वर्षं एकट्याने पहारा."

शेठनी हळूच पंजा सोडला. "पोटरी?"

"इथे स्पष्ट लिहिलंय. पिढीजात आहे म्हणून."

"नाय बाबा, आपल्या घरी छोटी मुलं आहेत. एवढी खतरनाक नको आपल्याला." त्यांनी साखळी गुंडाळली, काकांना नमस्कार केला आणि हवालदारपासून अंतर ठेवून भिंतीकडेने बाहेर पडले. गाडी वळून गेल्याचा आवाज आला तेव्हा कुठे माझा श्वास सुटला. सुटलो एकदाचे!

काकांनी दार लावलं. परत येऊन खुर्चीत बसले.

"बस. आता खरं वाच."

"खरंच तर वाचलं, काका—"

"मेल्या, रेल्वेचा पूल जरा जास्त झाला."

काका कुत्रीकडे बघत बोलत राहिले. "चार महिन्यांची होती तेव्हाच उतार दिसला मला. वीस वर्षं कुत्रे सांभाळले, आंधळा आहे काय मी?"

"मग पैज कशाला लावलीत?"

"तोंड आहे, सुटलं. त्या दिवसापासून जेवण जात नाही मला."

"अहो, मग मला आधी सांगायचं ना! शनिवारी दोनदा आलो होतो मी."

"सांगितलं असतं तर ते माझं खोटं झालं असतं. माझा शब्द गेला असता. मी फक्त म्हटलं, वाच. तू तुझ्या मनानं जे वाचलंस ते तुझं." मग म्हणाले, "आणि तू खरं वाचलं असतंस, तर दिली असती. साखळीसकट."

ते माझ्या भरवशावर बसले होते, आणि मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

"तुझी काकी गेली ना," ते म्हणाले, "तेव्हापासून ह्या दाराला किल्ली लावायला भीती वाटायची रे मला. आत कोण नाही हे माहीत असतं ना आपल्याला. आता किल्ली फिरवली की आत कुणीतरी उठतं. मला तेवढंच लागतं. चोर गेला खड्ड्यात."

मग मी खरं वाचलं. सगळं, सावकाश. बापाची चाल, आजोबांचा रंग, पणजीच्या दोन ढाली. आजीबद्दल परीक्षकाने चार ओळी लिहिल्या होत्या : डोकं रेखीव, डोळे बोलके, कामाची आवड नाही, स्वभाव प्रेमळ.

काकांनी हवालदारच्या कानामागे हात घातला. इतक्या वर्षांत त्यांना तिला असं कुरवाळताना मी पहिल्यांदा पाहिलं. "आयकलंस गो बाय? तुझ्या आज्येक पण काम नको होतां."

ती खाली सरकून त्यांच्या पायांवर पसरली.

"सुधीर, प्रेमळला काय लिहिलंय त्यांनी? त्यांच्या भाषेत?"

"गुटम्यूटिष."

"गुटमुटीक."

"टिष, काका. म्यू-टिष."

"हां. गुटमुटीक," काका म्हणाले.

मी घरी आलो आणि आईने वाढलेलं जेवायला बसलो. भिंतीपलीकडून तो शब्द बराच वेळ ऐकू येत होता. एकदा मोठ्याने, एकदा हळू, आणि प्रत्येक वेळी चुकीचा. मी सुधारायला गेलो नाही.