जानकीबाईंची क्षितिजा

बारशाला तास उरला तेव्हा अंजूरच्या भाविकच्या दारात एकाच मुलीची दोन नावं सजून बसली होती. मांडवात फुग्यांच्या मधोमध झळकत होतं ‘क्षितिजा’. तो बॅनर मुलीची आई वैशालीनं भिवंडीहून छापून आणला होता. आणि त्याच बॅनरखाली बसून आजी जानकीबाई बायकांना पाळणा शिकवत होत्या. त्यांच्या पाळण्यात प्रत्येक कडव्याला बाळाचं नाव येत होतं ‘जानकी’.

मुलीचा बाप भाविक “गोडाऊनला गाडी लागलीय” म्हणत जो निसटला, तो निसटलाच. रविवारी गाडी लागत नाही, हे मांडवात सगळ्यांना ठाऊक होतं.

उरली आत्या रंजिता. कानात नाव सांगायचा मान तिचा, म्हणून डोक्याला तापही तिचाच. वैशालीनं तिला स्वयंपाकघरात ओढलं.

“ताई, जानकी नको ना. ‘जानके, गप बस’ असं ओरडले, तर कोण गप बसेल? मुलगी का तिची आजी?”

“आणि नाय ठेवलं तर आई जेवणार नाय. सकाळपासून चहाही घेतला नाय तिनं.”

तोवर बाहेरून हाक आली. “वैशाली, त्या क्षितिजाचा अर्थ तरी काय गं?”

“आभाळ जमिनीला टेकतं ना आई, ती जागा.”

जानकीबाईंनी मान उंचावून खाडीच्या बाजूला पाहिलं. “कुठं टेकतंय? मना तं गोडाऊनच्या पत्र्याला टेकलेला दिसतंय.”

बायका फसकन हसल्या. वैशालीचे डोळे भरले. रंजिता शाळेत संस्कृत शिकवायची. ती वर्गात उभं राहावं तशी मांडवात उभी राहिली.

“क्षिती म्हणजे धरती. जा म्हणजे जन्मलेली. धरतीतून जन्मली ती कोण?”

“सीता,” बायका एका सुरात म्हणाल्या.

“जनक राजाची लेक म्हणून तिला काय म्हणतात?”

जानकीबाई पदर खोचून उठल्या. “म्हंजे हा माजाच नाव हाय?”

“तुझंच, आई.”

“मंग आधी न्हाय का सांगाचं? अरे, आजून फुगे लावा. आन् मना चहा द्या.”

आत्यानं कुर्रर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत हौसेनं बुक्के घातले. सासू आणि सून, दोघींकडून साडी वसूल करून आत्या राहनाळला परतली. भाविकची गाडीही नेमकी जेवणाच्या वेळेला रिकामी झाली.

संध्याकाळी बाळानं भोकाड पसरलं. वैशाली दमली होती. “क्षितिजे, किती कटकट करशील? गप बस की आता.”

ओटीवर जानकीबाईंची बशी ओठांशी थांबली. “मना बोलतंस?”

“नाय हो आई, तिला.”

“नाव माजा हाय.”

वैशाली चपापली. मग तिनं सासूकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला. लेकी बोले सुने लागे, हा व्यवहार घराण्यात आजवर एकतर्फीच चालला होता.

“क्षितिजे,” झोका देत ती लाडानं म्हणाली, “दुसरीनं केलेल्या कालवणात वरून मीठ नाय हां घालायचं. आणि कुणाचा फोन आला की दाराआड उभं राहून ऐकायचं नाय.”

पाळण्यातून हुंकार आला. ओटीवरून फक्त बशी खाली आपटल्याचा आवाज आला.