बेलखालच्या रेघा

मंगळवारी सकाळी प्लंबर कामावर निघाला, कुलूप लावायला वळला आणि त्याला दाराशेजारी भिंतीवर तीन रेघा दिसल्या. पेन्सिलीच्या, उभ्या, बोटभर लांब. बेलच्या खाली, साधारण कंबरेच्या उंचीला. पुसायला त्याने अंगठा पुढे केला आणि मागे घेतला. पुरावा पुसू नये, असं त्याने कुठंतरी ऐकलं होतं.

समोरच्या दाराशेजारी दोन रेघा होत्या. तो खाली उतरला. तळमजल्यावर सचिवांच्या दाराशी एक, काकूंच्या दाराशी एक. मग हत्यारांची पिशवी खांद्यावर घेऊनच तो दुसऱ्या मजल्यावर गेला. तिथं डाव्या दाराशी एक रेघ होती. उजवं दार बेकरीवाल्याचं. ते कोरं होतं.

इमारत तीन मजल्यांची, दारं सहा. पाचांवर खुणा. प्लंबरच्या दारावर सगळ्यांत जास्त.

त्याने सचिवांची बेल वाजवली. सचिव कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेले होते आणि इमारतीचं सगळं तेच बघत. ते टॉवेलवरच बाहेर आले, भिंतीपुढे वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"हे चोरांचं काम आहे," ते म्हणाले. "आधी येऊन टेहळणी करतात. खुणा करून जातात."

"पण इतक्या खाली कशाला?"

"डोकं वापरा जरा. उभं राहून खूण केली तर दाराच्या भोकातून दिसेल. म्हणून तो वाकून करतो. मुरलेला माणूस आहे."

आवाज ऐकून शेजारच्या काकू बाहेर आल्या. त्यांनी रेघ पाहिली आणि पदर तोंडाशी नेला. "अगंबाई! माझ्या दाराशी एकच. म्हणजे मी एकटी राहते हे त्यांना कळलंय!"

"मीही एकटाच राहतो. मलाही एकच आहे," सचिव म्हणाले आणि स्वतःच्याच वाक्याने त्यांचा चेहरा उतरला.

प्लंबर हिशेब करत होता. त्याच्या दाराशी तीन. पण घरात आता माणसं दोनच होती. तो आणि पाचवीतली मुलगी, बारकी. तिसरी होती ती दीड वर्षापूर्वी गेली. चोरांची माहिती जुनी असावी. त्यातल्या त्यात त्याला हे बरं वाटलं, मग लगेच वाईट वाटलं, आणि मग एक गोष्ट ध्यानात आली. शाळा सुटली की बारकी पाच वाजता येते, गळ्यातल्या किल्लीने दार उघडते आणि तो येईपर्यंत दोन तास घरात एकटी असते. हे ज्याला ठाऊक असेल त्याला वाकायचीसुद्धा गरज नव्हती.

तो पिशवीसकट वर गेला आणि त्याने आतून कडी लावली.

"पोरीसमोर काही बोलू नका," जाता जाता त्याने दोघांना सांगितलं. "घाबरेल."

मंगळवारी काकूंच्या मोरीतला नळ बदलायचा होता. बुधवारी सचिवांच्या संडासाची टाकी. समोरच्यांकडे बेसिन गळत होतं. प्लंबर कुठंही गेला नाही. पाइपचा मोठा पाना मांडीवर घेऊन तो दाराशी स्टूल टाकून बसला. कोणी काही विचारलं तर म्हणायचा, "दोन दिवस थांबा."

घरात तसं शांतच असायचं. स्वयंपाकघरातल्या नळाचे थेंब तेवढे ऐकू यायचे. बायको होती तेव्हा ती रोज कमरेवर हात ठेवून ओरडायची, की गावाचे नळ बंद करता, आपल्या घरचा कोण करणार? तो म्हणायचा, रविवारी करतो. तिने नळाखाली एक वाटी ठेवली होती. वाटी अजून तिथंच होती.

संध्याकाळी बारकी आली. दार आतूनच उघडलं म्हणून ती दचकली.

"बाबा, तुम्ही घरी कसे?"

"असंच. काम नव्हतं."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "बरं वाटत नाही का?"

"मला काय झालंय? जा, हातपाय धू."

हात धुण्याच्या बाबतीत बारकीला सांगावं लागत नव्हतं. गेले दोन दिवस तिने सगळ्या इमारतीत हात धुतले होते. काकूंकडे जायची, "काकू, हात धुऊ?" म्हणायची आणि मोरीत, मग स्वयंपाकघरात धुऊन यायची. तिथून सचिवांकडे. तिथून वर. काकू म्हणायच्या, "आई नाही बिचारीला, पण पोर बघा किती स्वच्छ!"

बुधवारी सकाळी प्लंबरने दार किलकिलं करून पाहिलं. तीनाच्या सहा झाल्या होत्या. आणि या खेपेला चार उभ्या रेघांवर एक तिरकी मारली होती. सहावी शेजारी वेगळी होती.

जिन्यात बैठक भरली. सगळे कुजबुजत होते. काकूंनी तिरक्या रेघेवर बोट ठेवलं आणि झटक्यात उचललं.

"चार माणसं उभी आणि वरून दोरी! बांधून ठेवणार आहेत हो आपल्याला!"

"आपल्याकडे चार माणसं कुठं आहेत?" प्लंबरने विचारलं.

"मग चार चोर," सचिव म्हणाले. "आणि तिरकी म्हणजे पहार."

"पोलिसांत जाऊ या," प्लंबर म्हणाला.

"आणि दाखवायचं काय? पेन्सिल?" सचिवांनी वहीत तक्ता केला होता. कोणत्या दाराशी सोमवारी किती, मंगळवारी किती. "माझ्याकडे एकाच्या तीन झाल्या. काकूंकडेही तीन. तुमच्याकडे रोज तीन. दिवस मोजतायत. दहाच्या पुढं गेलं की धाड. सगळ्यांत आधी तुमच्याकडे."

"उद्या?"

"परवा म्हणता येईल," सचिव दिलासा देत म्हणाले.

तेवढ्यात बारकी दप्तर घेऊन बाहेर आली आणि सगळे एकदम गप्प झाले. काकू म्हणाल्या, "आज ऊन फार आहे, नाही?" सचिव म्हणाले, "फारच." बारकी एकेकाच्या तोंडाकडे बघत जिना उतरली. खालच्या पायरीवर ती थांबली, वर वळून बापाकडे पाहिलं आणि मग गेली.

"एक सांगू?" काकूंनी आवाज आणखी खाली नेला. "त्या बेकरीवाल्याच्या दाराशी एकही नाही."

हे सगळ्यांनी पाहिलं होतं, पण बोललं कोणी नव्हतं. बेकरीवाला पहाटे तीनला बाहेर पडायचा, दुपारी झोपायचा आणि कोणाच्या अध्यातमध्यात नसायचा. दर शनिवारी बारकीसाठी गरम पाव दाराशी ठेवून जायचा. कालपर्यंत तो चांगला माणूस होता. आता प्रश्न पडला, की पहाटे तीनला कुठला चांगला माणूस बाहेर पडतो?

बुधवारी प्लंबरने जेवण दारातच घेतलं. दुपारी चारपासून डोळा भोकाला लावून उभा राहिला. पाच वाजायला आले. जिन्यात कोणी नव्हतं. आणि तेवढ्यात दाराच्या पलीकडे, अगदी जवळ, भिंतीवर पेन्सिल ओढल्याचा आवाज आला. खर्र. खर्र. खर्र.

भोकातून जिना दिसत होता, कठडा दिसत होता, समोरचं दार दिसत होतं. माणूस दिसत नव्हता. प्लंबर दारापासून एक पाऊल मागे सरला. त्याने पाना उचलला, पण हाताला घाम होता, तो निसटला आणि त्याच्याच पायावर पडला. ओरडायचीही सोय नव्हती. आणि लगेच बेल वाजली.

"बाबा, मी आहे!"

त्याने दार उघडलं, तिला दंडाला धरून आत ओढलं आणि कडी लावली. "जिन्यात कोण होतं?"

"कोणी नाही."

"आत्ता, या क्षणी! तुझ्या बाजूने कोण गेलं?"

"कोणी नाही बाबा. तुम्ही लंगडताय का?"

तो खाली बसला. म्हणजे हा माणूस सहा फुटांचा असून वाकला, नऊ रेघा पुऱ्या केल्या, आणि पोरगी वर येईपर्यंत हवेत विरला. पोरगी त्याच्या अंगाला घासून आली असणार आणि तिला पत्ता नाही. रात्री त्याने तिची गादी आपल्या गादीला लावली.

गुरुवारी सकाळी तक्ता आणखी वाईट झाला होता. काकूंकडे एकदम सहा. सचिवांकडेही सहा. "वेग वाढलाय," सचिव म्हणाले आणि त्यांनी वही मिटली. कोऱ्या दाराशी अजूनही काही नव्हतं.

ठरलं असं. चार वाजता दबा धरायचा. सचिव जिन्याखाली, शिट्टी घेऊन. काकू स्वतःच्या दाराआड, छत्री घेऊन. प्लंबर पहिल्या मजल्याच्या वळणावर, पाना घेऊन. बारकीने शाळेतल्या मैत्रिणीकडे थांबायचं, असं त्याने सकाळी तिला बजावलं होतं. तिने नुसतं दप्तर उचललं होतं. डबा तसाच ठेवून गेली होती.

पाच वाजायला आले तेव्हा वरून पावलं वाजली. सावकाश, जड. प्लंबरने श्वास रोखला. वळणावर बेकरीवाला आला. डोळ्यांवर झोप होती आणि कानावर पेन्सिल.

"पेन्सिल!" प्लंबर ओरडला आणि त्याने झडप घातली. खाली शिट्टी वाजली आणि सचिव वर धावले. काकू छत्री उघडीच घेऊन धावत आल्या, कारण बंद कशी करायची ते त्यांना घाईत सुचलं नाही. बेकरीवाला भिंतीला टेकला होता, प्लंबरच्या हातात त्याची कॉलर होती.

"रेघा का मारतोस? कोणाकोणाला सामील आहेस? माझी पोर एकटी असते, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे की," बेकरीवाला म्हणाला. हे उत्तर चुकलं असं त्याला प्लंबरच्या हातावरून कळलं. "अहो, ही पावांच्या ऑर्डरी लिहायची पेन्सिल आहे!"

"तुझ्या दाराशी रेघ का नाही मग? सांग!"

बेकरीवाल्याने वर स्वतःच्या दाराकडे पाहिलं. प्लंबरने कॉलर आणखी आवळली. बेकरीवाल्याचा चेहरा पांढरा पडला होता. आणि तेवढ्यात खालून आवाज आला. खर्र.

सगळे जिथल्या तिथं थिजले. पेन्सिल इथं होती आणि आवाज तिथं होता.

कॉलर न सोडताच प्लंबर चार पायऱ्या उतरला. काकूंच्या उघड्या दाराशेजारी बारकी उभी होती. वाकलेली नव्हती. तिची उंचीच तेवढी होती. हातात पेन्सिल होती आणि तोंड रडवेलं होतं.

"मला मैत्रिणीकडे नाही थांबायचं," ती म्हणाली.

सचिवांनी शिट्टी खिशात टाकली. मग त्यांनी विचारलं, "बाळ, हे काय लिहितेस?"

"ताळ्याच्या खुणा. काकूंचं दार उघडंच होतं, आत जाऊन मोजले. आज पाच. मोरीतला, स्वयंपाकघरातला, मागचा..." तिने दप्तरातून वही काढली. वर लिहिलं होतं: प्रकल्प. विज्ञान व परिसर. आपल्या परिसरातील गळणारे नळ. "रोज मोजायचे आणि जागेवर खूण करायची, म्हणजे विसरत नाही. बाईंनी सांगितलंय, कोणाला कळू द्यायचं नाही. कळलं की लोक नळ घट्ट बंद करतात आणि निरीक्षण बिघडतं."

"ताळ्याच्या खुणा," सचिव म्हणाले. "मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो."

"तुम्ही पहार म्हणालात," काकू म्हणाल्या.

"पण रोज वाढत कशा होत्या?" प्लंबरने विचारलं.

"गळके नळ वाढत होते ना. बाबा दुरुस्त करायला गेलेच नाहीत."

प्लंबरने कॉलर सोडली. बेकरीवाल्याने मान चोळत वहीत डोकावून पाहिलं. त्याच्या नावापुढे शून्य होतं. "माझा एकच नळ, तोही गॅलरीत," तो म्हणाला. "वॉशर मीच बदलतो. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून."

"मी जिन्यातूनच बघायचे," बारकी म्हणाली.

शेवटच्या पानावर निष्कर्ष आधीच लिहिलेला होता. सचिवांनी तो सवयीने मोठ्याने वाचला. "आमच्या इमारतीत सर्वाधिक पाणी पहिल्या मजल्यावर, प्लंबरच्या घरी वाया जाते." मग त्यांनी वही हळूच परत दिली.

काकू हसायला लागल्या. सचिवही. प्लंबर हसला नाही. बारकी त्याचा शर्ट धरून उभी होती आणि सोडत नव्हती.

"बाबा, तुम्हाला काय झालंय? खरं सांगा."

"काही नाही गं. मला काय होणार?"

"आईच्या वेळीपण तुम्ही असंच म्हणायचात. ती घरीच बसायला लागली होती. आणि मी आले की सगळे गप्प व्हायचे. ऊन फार आहे म्हणायचे."

काकूंचं हसू थांबलं. त्यांनी छत्री मिटली.

प्लंबर पायरीवर बसला आणि त्याने तिला सगळं सांगितलं. चोर, दोरी, पहार, भोकातून न दिसणारा माणूस, पायावर पडलेला पाना. काहीही लपवलं नाही. पाना पडल्याचं ऐकून ती हसली तेव्हा त्याच्या जिवात जीव आला.

शुक्रवारी शेवटचं निरीक्षण होतं, म्हणून बारकीच्या सांगण्यावरून इमारतीत कोणी नळाला हात लावला नाही. सचिवांनी तशी नोटीसच लावली. शनिवारी प्लंबर सगळ्यांची कामं उरकत फिरला. बेकरीवाल्याच्या दाराशी तो फडक्याने पाना पुसत उभा राहिला. शेवटी बेकरीवालाच म्हणाला, "राहू द्या हो," आणि पावाची पिशवी त्याच्या हातात दिली.

संध्याकाळी घरचा नळ. त्याने वाटी उचलून बाजूला ठेवली, मुख्य पाणी बंद केलं, वॉशर काढला, नवा घातला. चार मिनिटांचं काम होतं. पाणी सुरू केलं. नळ गळला नाही. बारकी शेजारी उभी होती. दोघांनी कान देऊन ऐकलं. काहीच ऐकू येत नव्हतं. इतक्या शांततेची त्याला दीड वर्ष भीती वाटत होती. ती आली, आणि तो पाना हातात धरून तिच्यात उभा राहिला.

तेवढ्यात मोरीत थेंब पडला. टप.

"तो रविवारी करतो," तो म्हणाला.

बारकीने कमरेवर हात ठेवले आणि बापाकडे पाहिलं. अगदी तसंच. मग कंपासमधून पेन्सिल घेतली आणि ती दाराबाहेर गेली.

"अगं, प्रकल्प संपला ना?"

"शाळेचा संपला," बाहेरून आवाज आला. "हा घरचा."

खर्र.