उसना नेलेला आजार

आबांचा अल्झायमर विश्राम देसकर नावाच्या नटाने भूमिकेसाठी उसना नेला होता आणि पारितोषिक मिळाल्यावर तो परत करायला ते आमच्या घरी आले.

करारच तसा होता. चित्रीकरणासाठी आजार द्यायचा आणि बक्षीस समारंभानंतर आठ दिवसांत परत घ्यायचा. डॉक्टरांनी फाइलवर ‘आजार बाहेरगावी’ असा शेरा मारला होता.

आबा कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर तीस वर्षं गाड्या पुकारायचे. आजार गेला त्या सकाळी त्यांनी चहा पिता पिता गारगोटी, राधानगरी, मलकापूर अशा सगळ्या गाड्या वेळेसकट पुकारल्या. चौथीत मला गोवर आला तेव्हा मी कोणत्या उशीसाठी रडले, तेही सांगितलं. आई गेल्याचं त्यांना नव्याने कळलं, तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या पद्धतीची आमटी केली. खारट झाली. आम्ही दोघांनी पातेलं पुसून खाल्लं.

देसकर कॉटवर बसले. बक्षीस घेताना मंचावर त्यांना दिग्दर्शकाचं नाव आठवेना, तेव्हा अख्ख्या सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. आता त्यांच्या तळहातावर त्यांच्याच घरचा पत्ता पेनाने लिहिलेला होता.

“ठेवा की तुम्हालाच,” मी म्हणाले. “शोभून दिसतोय.”

“शितू, पाहुण्याशी असं बोलतात?” आबा म्हणाले.

“तुमचा चांगुलपणा ऐकून कान किटले माझे, आबा.”

“अगं, त्यांना लेक आहे. परवा तिलाच विचारत होते, आपण कोण म्हणून.”

“आणि मी?”

“तू शितू. आत्ता पक्कं ठाऊक आहे, म्हणून आत्ताच बोलून ठेवतो. पण वस्तू आपली आहे. लोकांच्या घरी किती दिवस ठेवायची?”

आबांनी पोच म्हणून सही केली. देसकरांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. चहा निवेपर्यंत काम झालं होतं.

“रिकामं नाही दिलं,” देसकर दारात म्हणाले. त्यांचा आवाज आता खणखणीत होता. “घेतलेलं भांडं रिकामं परत करू नये, असं आई सांगायची. माझ्या लहानपणीची एक दुपार घातलीय आत.”

“कसली दुपार?”

“ते आता मला कसं आठवणार, बाई? देऊन टाकली ना.”

ते तळहात पुसत जिना उतरून गेले.

मी आबांच्या खुर्चीसमोर वाकले. “आबा, मी कोण?”

त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“कुमूताई,” दोन्ही पाय जमिनीवरून उचलत ते म्हणाले, “सीट धर हं. उतार आलाय. सोडू नको.”

मी मागे गेले आणि दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“धरलीय,” मी म्हणाले. “मार पायडल.”