अर्ध्या दाढीचे दाजीकाका

आमच्या विक्रोळीच्या चाळीतले दाजीकाका पुरुषांच्या डोळ्यांकडे बघून बोलत नसत, हनुवटीकडे बघून बोलत. जिन्यात कुणी भेटला की मान तिरकी करून दाढीचे खुंट निरखायचे. "चार दिवसांची दिसते. घरी सगळं ठीक ना रे?"

काका कारखान्यात फिटर. पण रविवारी सकाळी त्यांच्या खोलीसमोर गॅलरीत पत्र्याची खुर्ची, खिळ्याला आरसा आणि गरम पाण्याचं तपेलं मांडलेलं असे. पुरुष आजारी पडला की खोकतो आणि मनातून खचला की दाढी सोडतो, असं त्यांचं शास्त्र. अशाला ते दंडाला धरून बसवत, उजवा गाल गुळगुळीत करत आणि मग वस्तरा पुसून बाजूला ठेवत.

"काय झाला ता सांग. मगे डावो गाल."

अर्ध्या तोंडाला साबण घेऊन माणूस जाणार कुठे? खाली नळावर अख्ख्या चाळीच्या बायका. वरच्या मजल्यावरचे कदम एकदा रागाने तसेच उठले, जिन्यापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. मग तासभर बोलले. साबण तीनदा लावावा लागला.

संपानंतर बाबांची गिरणी उघडलीच नाही. ते पलंगाच्या कडेला बसून राहू लागले. आईशी बोलेनात, माझ्याकडे बघेनात. मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते आणि घरातलं बाहेर सांगणाऱ्यांतली नव्हते. काकांनी जिन्यात अडवून विचारलं, "बाबांची किती दिवसांची?" मी नुसती बोटं दाखवली. नऊ.

त्या रविवारी बाबा खुर्चीत बसले. उजवा गाल झाला, वस्तरा थांबला. काकांनी घाई केली नाही. शेजारी जमिनीवर बसून राहिले. पाणी दोनदा निवलं, दोनदा मी तापवून आणलं. शेवटी बाबा म्हणाले, "पोरीला शाळेत विचारतात, वडील काय करतात. काय सांगेल ती?"

"तिनाच तुका हय धाडल्यान, मेल्या," काका म्हणाले आणि त्यांनी वस्तरा उचलला.

बाबा पुढे घाटकोपरला एका वखारीत लागले. रोज दाढी करून जात.

नंतर कॉलेजात मानसशास्त्राच्या तासाला बाईंनी विचारलं, आपल्याकडे पुरुष मन मोकळं करायला कुठे जातात? हात वर करून आमच्या गॅलरीचा पत्ता सांगावासा वाटला. सांगितला नाही, पण दिवसभर मान ताठ होती.

एका रविवारी मात्र खुर्ची बाहेर आलीच नाही. काका आत भिंतीकडे तोंड करून बसलेले, गालांवर पांढरे खुंट. दर वर्षी या आठवड्यात ते असेच का असतात, हे मला त्या दिवशी आईकडून कळलं. त्यांचा धाकटा भाऊ महिनाभर दाढी न करता घरात बसून होता. कुणी विचारलं नाही. काकांनीही नाही. मग एके सकाळी त्याने जीव दिला.

बाबांनी खुर्ची बाहेर काढली. मी तपेलं ठेवलं. बाबांनी काकांचा उजवा गाल केला, जरा ओबडधोबडच, आणि वस्तरा पुसून बाजूला ठेवला.

काकांनी खाली नळाकडे पाहिलं. बायका होत्याच.

"दाजी," बाबा शेजारी जमिनीवर बसत म्हणाले, "पाणी भरपूर आहे."