आप्पांची फियॉर्डची ट्रायल

आमच्या कंपनीच्या बसमध्ये आप्पा भर मे महिन्यात माकडटोपी घालून बसतात. दौंडहून कुरकुंभला जाणारी बस, खिडकीतून भाकरी भाजून निघेल अशी झळ, आणि या गृहस्थाच्या अंगात स्वेटर, गळ्यात मफलर. नव्याने लागलेले बिहारी कामगार घाबरून विचारतात, "अंकल, बुखार है क्या?" टोपीच्या आतून उत्तर येतं, "नही. प्रॅक्टिस है."

प्रॅक्टिस नॉर्वेची. आप्पांना तिथला फियॉर्ड बघायला जायचंय. फियॉर्ड म्हणजे काय, हे मांडवगण फराट्यापासून दौंड स्टेशनपर्यंत आता लहान पोरालाही माहीत आहे. आप्पांनी कुणाला सोडलंच नाही. भीमजयंतीच्या मिरवणुकीत, डीजे छाती फाडत असताना, हा माणूस शेजारच्याच्या कानात ओरडत होता, "बर्फाच्या नदीनं डोंगर खरवडलाय! उलथन्यानं कढईतलं पिठलं काढावं ना, तसा! आन् त्या खाचेत समुद्र घुसलाय!" शेजारचा म्हणाला, "आप्पा, आधी जयभीम तरी घाला."

आप्पा आमच्याकडे प्लांट ऑपरेटर. मी लॅबमध्ये. आमच्या धंद्यात एक रीत आहे. नवी टाकी बसवली की तिच्यात एकदम केमिकल भरत नाहीत. आधी नुसतं पाणी फिरवून बघतात. त्याला वॉटर ट्रायल म्हणतात. कुठं गळतंय, कुठं थटतंय, ते पाण्यातच कळतं. रीत चांगली आहे, पण ती कंपनीच्या गेटच्या आत ठेवायची असते. आप्पांनी ती घरी नेली. मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी पंगतीची ट्रायल घेतली. सगळी भावकी बसवली, पत्रावळ्या मांडल्या आणि रिकाम्या बादल्या घेऊन वाढपी फिरवले. "भात वाढल्यासारखं करा! आमटी, आमटी कुठं थटली?" भावकी उपाशी उठली. अजून शिव्या घालते.

मग नॉर्वे तर लांबचा पल्ला. तिथं ट्रायलला तोटा काय! आठवडाभर घरात नुसता ब्रेड आणि उकडलेला बटाटा चालला. विमानतळावर पळापळ झाली तर म्हणून बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, बॅगेसकट दौंड स्टेशनच्या जिन्यावरून वरखाली नेऊन आणलं. व्हिसाची मुलाखत झाली ओसरीवर, आणि गोरा साहेब कोण, तर मी. मी टाय बांधला नाही म्हणून आधी मलाच बोलणी बसली.

"मॅडम, आमच्या देशातून परत कधी जाणार?" मी विचारलं.

कुसुमवहिनींनी पदर सावरला. "म्हशीच्या धारेच्या आत."

"कुसुम! आसं सांगत्यात व्हय सायबाला?" आप्पा कडाडले.

"मग म्हशीला काय सांगू, भाऊजी?" वहिनींनी मलाच विचारलं. साहेबाने व्हिसा देऊन टाकला.

सगळ्यात कहर म्हणजे झोपेची ट्रायल. जूनमध्ये तिथं सूर्य मावळल्यासारखाच होत नाही. आप्पांना हे कळलं तेव्हा त्यांनी कॅंटीनमध्ये टेबलावर थाप मारली होती. "रात्रच न्हाई लेका! नाईट शिफ्ट हा प्रकारच न्हाई!" मग घरात ट्यूबा लावून झोपायची सवय सुरू झाली. गल्लीतले सगळे किडे त्यांच्या घरी वस्तीला यायला लागले.

मी स्पष्ट बोलणारा माणूस आहे. एकदा चहा पिताना म्हणालोच, "आप्पा, थंड हवा पाहिजे तर महाबळेश्वर काय ओस पडलंय? हे कुठलं खूळ काढलंय?"

आप्पांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, "तुझ्या वहिनीला अंधारलं की दिसत न्हाई. पहिल्यापास्नं हाय. आता दिवसा बी कडंकडंनं जायला लागलंय. डॉक्टर म्हणाले, बघायचं आसंल ते बघून घ्या." मग थोडं थांबून म्हणाले, "आपल्या सैपाकघरात एक क्यालेंडर होतं. त्यावर ते फियॉर्डचं पाणी. ती भाकरी थापता थापता म्हणायची, आसं पाणी खरंच आसतंय का हो? आता मी काय सांगू? म्हटलं, दाखवतोच तुला."

एवढं बोलून त्यांनी टोपी चढवली आणि ड्यूटीवर गेले. माझा चहा तसाच राहिला. महाबळेश्वरचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

तिकिटं झाली. निघायच्या आधीच्या रविवारी शेवटची ट्रायल ठरली, होडीची. जागा चिंचणीच्या धरणाचा फुगवटा. मला साक्षीदार म्हणून बोलावलं. ऊन असं, की सरडेही सावली धरून बसलेले. आप्पा आणि वहिनी दोघंही जाड जॅकेटात. लाइफ जॅकेट मिळालं नाही म्हणून गळ्यात ट्रॅक्टरच्या ट्यूबा. होडीच्या तळाशी पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी, थंडी पायाकडून चढते म्हणून. होडीवाला मासे धरणारा माणूस. त्याने एकदा लादीकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. "मासं घिऊन जायचंय का?" त्याने विचारलं. आप्पा म्हणाले, "न्हाई, मंडळीला नॉर्वे."

आम्हा तिघांना घेऊन होडी निघाली. आप्पा उभं राहून हात करत होते. "आता डाव्या हाताला कडा येईल. त्याच्यावरनं पाणी पडतंय बघ." डाव्या हाताला कुणाचातरी ऊस होता. वहिनी मन लावून बघत होत्या. मला हसू आवरेना.

तेवढ्यात समोर, अगदी जवळ, पाण्यातल्या वाळक्या बाभळीवर मोठा थवा दिसला. आप्पा ट्रायल विसरून लहान पोरासारखे ओरडले, "कुसुम, ह्ये बघ! नाकासमोर! केवढी पाखरं!"

वहिनींनी मान वर केली, डोळे बारीक केले आणि खुशीत म्हणाल्या, "आगं बया! कशी पांढरीशुभ्र हायत!"

पाणकावळे होते ते. काळे कुळकुळीत. वर लख्ख दुपारचं ऊन.

मी बोलायला तोंड उघडलं. आप्पांनी खाली बसत माझा गुडघा दाबला, हाड दुखेल इतका. मग आप्पा म्हणाले, "व्हय गं. दुधावानी."

काठाला लागलो. होडीवाल्याची बायको चहाला हाका मारत होती, तिचा हात धरून वहिनी पुढं गेल्या. आप्पा गळ्यातली ट्यूब काढायची सोडून तसेच उभे.

"मला वाटायचं अजून येळ हाय," ते म्हणाले. "आन् ही बया मला वाईट वाटू नये म्हणून सारखं व्हय, दिसतंय, व्हय, दिसतंय. कवापासनं करती कुणास ठाऊक."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मग आता तिकिटं…?"

"तिकिटाचं काय?" ते खेकसले. "जायचं म्हंजी जायचं. गार वारं लागंल तिच्या तोंडाला. वरनं पाणी पडल्याचा आवाज येईल. वाईच हात बुडवंल."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं मी सांगीन की. कडा केवढा, पाणी कुठनं पडतंय, समदं सांगीन." त्यांनी बाहीने नाक पुसलं. "रंग मात्र तिलाच इच्चारीन. ती म्हणंल तो खरा."

पुढं चढ होता. वहिनी पायाने चाचपत थांबल्या होत्या. गळ्यातली ट्यूब सांभाळत आप्पा त्यांच्याकडे पळाले.